‘२१ दिवस साखर बंद, शुगर मुळासकट गायब’ : त्या मेसेजला माझं उत्तर

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि गावातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. आठवडाभरात नऊ जणांनी तो मला पाठवला, “मॅडम, हे खरं हाये का?” म्हणून. त्यात असं आहे : साखर म्हणजे पांढरं विष, घरात असेल तेवढी आजच फेकून द्या. २१ दिवस साखर बंद ठेवली की शुगर मुळासकट जाते, मग गोळ्यांची गरज नाही. गूळ आणि मध नैसर्गिक आहेत, ते कितीही चालतात. फळांत साखर असते, म्हणून फळं बंद. पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, चक्कर येईल, थरथर होईल. घाबरू नका, ते विष बाहेर पडतंय.

मी यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीकाठच्या एका गावात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बोटाला सुई टोचून शुगर बघणं हे माझं रोजचं काम. साखर कमी करा, हे मी स्वतः दिवसातून दहादा सांगते. म्हणून तर हा मेसेज मला जास्त लागला. त्यातली एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्या भरवशावर लोक बाकीच्या खोट्या गोष्टीही खऱ्या धरून चालले आहेत.

सगळ्यात घातक ओळ आधी घेते.

“चक्कर, थरथर झाली तरी घाबरू नका. घरातली साखर फेकून द्या.”

डिसेंबरातली सकाळ होती. गावातल्या एका काकूंनी मेसेज वाचून साखरेचा डबा रिकामा केला होता. त्या दिवशी त्यांनी फिका चहा घेतला, रोजची शुगरची गोळी घेतली आणि उशीर झाला म्हणून भाकर न खाताच वेचणीला गेल्या. अकराच्या सुमारास त्यांच्या हातातला कापूस गळायला लागला. थंडीचे दिवस, आणि कपाळावरून घामाच्या धारा. बोलणं तुटक. सोबतच्या बायांनी सावलीत बसवलं, पाणी पाजलं. एकीने साखर आणायची म्हटलं, तर दुसरी म्हणाली, “साखर नोको देऊ वं, जहर हाये ते.” आशाताईंचा फोन आला आणि मी स्कूटीने पोचले तेव्हा मीटरवर आकडा होता ५२.

मी माझ्या पिशवीतली साखर काढली, अर्ध्या ग्लास पाण्यात चार चमचे घोळली आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ९१. मग कोणाच्या तरी शिदोरीतली भाकर आणि चटणी त्यांनी खाल्ली. तासाभराने त्याच मला विचारत होत्या, “मॅडम, मले काय झालं होतं?”

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तिला शुगर उतरणं म्हणतात. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलणं बरळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. विष बाहेर पडत नसतं, मेंदूला साखर कमी पडत असते. काकूंच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारा रस, काढून घेतात, आणि पोटात भाकर आहे की नाही हे त्या बघत नाहीत. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड याही त्याच घरातल्या. इन्सुलिनच्या सुईचंही तेच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी उतरण्याची भीती फार कमी. एकाच गावात, एकाच मेसेजवर, एकीला काहीच होत नाही आणि दुसरी शेतात पडते, त्याचं कारण हे.

अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. आकडा वर आला की भाकर-पोळी खायला द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. थेट १०८ ला फोन. आता त्या काकू वेचणीला जाताना पदराच्या गाठीत साखरेची पुडी बांधून नेतात. चहात त्यांनी साखर बंदच ठेवली आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर आहेत.

“२१ दिवसांत शुगर मुळासकट जाते, गोळ्या बंद करा.”

एचबीए१सी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. २१ दिवसांत तिचा पूर्ण हिशोबही लागत नाही, मग रोग मुळासकट गेला हे ठरवलं कोणी? उपाशीपोटीची शुगर महिन्याभरात खाली येऊ शकते, मी येताना बघितली आहे. पण ती गोळी आणि पथ्य मिळून आलेली असते. त्यातली गोळी काढली की आकडा पुन्हा चढतो, आणि चढलेला कळत नाही, कारण शुगर वाढलेली दुखत नाही.

इथे आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे, आमच्या जिल्ह्यातही आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटाच कमी येऊ शकतो. आकडा छान, आणि शुगर मात्र वाढलेली. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगा. मग उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर बघून उपचार ठरवता येतात.

शुगर मागे हटतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल आणि ग्लासगोच्या डॉक्टरांनी सुमारे ३०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना टाइप २, म्हणजे मोठ्या माणसांत नेहमी दिसणारी शुगर, होऊन सहा वर्षं झाली नव्हती. त्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षभराने या निम्म्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय मर्यादेत होती. दोन वर्षांनी हेच प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. ज्यांचं वजन जास्त उतरलं, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे काम केलं ते वजन उतरल्याने, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांच्या नजरेखाली. नुसता चहा फिका केल्याने हे झालेलं नाही. आणि ज्या लेकरांना टाइप १ आहे, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, त्यांचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन मिळालं. त्याआधी ही मुलं वाचतच नसत. तो मेसेज अशा लेकराच्या आईच्या फोनवरही जातो, हे पुढे पाठवणाऱ्याने एकदा डोळ्यांपुढे आणावं.

“गूळ आणि मध नैसर्गिक, कितीही चालतात.”

यावर माझं सगळ्यात जास्त भांडण होतं, कारण गुळावर आपला जीव आहे. संक्रांतीचा तिळगूळ, महालक्ष्म्यांचं पुरण, बाळंतिणीचे लाडू. पण गूळ उसाच्याच रसाचा आणि साखरही त्याच रसाची. गुळाचा फार मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे आपली साखर; वर थोडं ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी आणि थोडे क्षार. रक्तातली शुगर वाढवण्यात गूळ साखरेपेक्षा मवाळ नाही. शिवाय तो थोडा कमी गोड लागतो, म्हणून चहात खडा मोठा पडतो.

“पण त्यात लोह असतं ना?” असतं. पण १० ग्रॅमच्या खड्यातून मिळतं जेमतेम एखादा मिलिग्रॅम, आणि बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर आधी शुगर होईल. पिवळाधमक गूळ केमिकलशिवायचा असतो, हाही गैरसमज आहे. रंग उजळ यावा म्हणून कढईत हायड्रॉस नावाचं रंग उडवणारं केमिकल टाकलं जातं, गडद गूळ त्यामानाने बरा. मधही साखरच. आणि आपल्याकडची मोहफुलं झाडाखालून वेचून आणली तरी सुकल्यावर त्यांतही मोठा भाग साखरेचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली, तेव्हा मध आणि फळांचा रस हेसुद्धा साखरेतच धरले.

“फळं बंद.”

चूक. त्याच मर्यादेत अख्खं फळ धरलेलं नाही. संत्र्याच्या फोडी चावून खाल्ल्या की साखर चोथ्यासोबत हळूहळू जाते. एक ग्लास रस काढायला तीन-चार संत्री लागतात, चोथा फेकला जातो आणि साखर तेवढी पोटात जाते. अंबिया बहाराची संत्री निघाली की आपल्याकडे टोपल्याने घरात येतात. शुगर असणाऱ्याने एका वेळी एक खावं, रस काढू नये. पेरू, जांभूळ चालतं. सीताफळ, केळ, आंबा थोडा आणि जेवणावर न खाता वेगळा.

“साखर सोडली की बाकी जेवण पोटभर.”

हे मेसेजमध्ये उघड लिहिलेलं नाही, पण वाचणारे असंच समजतात, आणि माझ्या मीटरवर सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. फिका चहा पिणारा आजोबा मला सांगतो, “म्या साखरेले हात नाही लावत.” जेवण विचारलं तर रात्री भाताचा डोंगर, पातळ वरण, भाजी नावाला. भात, पोळी, भाकर या सगळ्यांचं पोटात ग्लुकोजच होतं. ज्वारी चांगली, पण ज्वारीच्या पिठातही शंभरात सत्तरच्या आसपास भाग कर्बोदकांचा. आपल्या शेतातली ज्वारी हटून सोयाबीन आलं, घरात रेशनचा तांदूळ आणि गहू आला, आणि ताटाचा तोल गेला. ताटात अर्धी जागा भाजीला द्या : अंबाडी, चवळाई, मेथी, वांगं, जे वाडीत असेल ते. बेसनाचा झुणका, तुरीचं घट्ट वरण, मटकी वाढवा. भात एक वाटी. सांजवेळच्या ‘शुगर-फ्री’ बिस्किटांतही मैदा असतो, आणि पुड्यावर माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर ते साखरेचेच भाऊबंद.

“डोकं दुखतं ते विष बाहेर पडतं म्हणून.”

साखरेसोबत लोक चहाच सोडतात. रोज सहा कप पिणाऱ्याने चहा एकदम तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आणि आठवडाभरही राहू शकतं. ते चहातल्या कॅफिनमुळे. चहा हळूहळू कमी करा, पाणी प्या. गोळी चालू असणाऱ्याचं डोकं दुखून घाम आला तर आधी शुगर तपासा.

आता मेसेजमधली खरी गोष्ट : आपण साखर फार खातो. घरातून निघताना चहा, बांधावर चहा, ग्रामपंचायतीत चहा, पाहुणा आला की चहा. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ६० ग्रॅम. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५० ग्रॅम आहे, आणि २५ च्या आत असेल तर उत्तम. म्हणजे पुरणपोळीला हात लावायच्या आधीच मर्यादा ओलांडून झाली.

पण सुरुवात करायची ती चमच्याने नाही, गंजाने, म्हणजे चहाच्या पातेल्याने. आपल्याकडे चहाची साखर कपात पडत नाही, गंजात पडते, सगळ्यांची मिळून. सुनेने गंजात घातली की शुगरवाल्या सासूने काय करायचं? एक तर साखर घालायच्या आधी तिचा कप काढून घ्यावा. किंवा, माझ्या मते जास्त बरं, गंजातलीच दर आठवड्याला एक-एक चमचा कमी करावी. जिभेला सवय लागायला तीन-चार आठवडे लागतात. लेकरांचीही आपसूक कमी होते. किराण्याची यादी बघा : पाच जणांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत असेल तर ती माणशी रोज ३३ ग्रॅम झाली, आणि गूळ वेगळा. पुढच्या महिन्यात चार किलो लिहा, त्याच्या पुढच्या महिन्यात तीन. महालक्ष्म्यांना पुरणपोळी खा, एक खा, त्या जेवणात भात सोडा.

आणि शुगरची गोळी चालू असेल तर हे सुरू करायच्या आधी गोळ्यांचं पाकीट घेऊन जवळच्या उपकेंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. खाणं कमी केलं तर गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं, ते डॉक्टर बदलतील. आमच्याकडे तपासणी फुकट आहे. सकाळी उपाशीपोटी या, भाकर सोबत बांधून आणा, रक्त दिल्यावर तिथेच बसून खा.