जुलैतल्या शनिवारी कळसूबाईला जायचंय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी तारीख. ती जुलैतल्या शनिवार-रविवारचीच पकडायची, आणि शक्यतो तोच आठवडा धरायचा ज्यात हवामान खात्याने घाटमाथ्याला ऑरेंज नाहीतर रेड अलर्ट दिलाय, कारण अलर्ट म्हणजे धबधबे फुल्ल आणि धबधबे फुल्ल म्हणजे रील फुल्ल. मधल्या वारी गेलात तर डोंगरावर माणूसच नसतं, फोटोत मागे कोणी दिसत नाही, आपण चुकून भलत्याच डोंगरावर आलो की काय असं वाटायला लागतं. हिवाळ्यात तर अजिबात नको. डिसेंबरात वरून अलंग-मदन-कुलंगचे किल्ले दिसतात, रतनगड दिसतो, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकतं, पण नुसतं बघायलाच एवढं चढायचं असेल तर काय अर्थय? जुलैत वर पोचलं की चारी बाजूंनी पांढरंफटक, आपलाच हात आपल्याला धड दिसत नाही, आणि तरी खाली कॅप्शन टाकता येतं की 'स्वर्ग बघितला'.

आता ग्रुप. ग्रुप निवडताना एकच बघायचं, स्वस्त कोण नेतंय. नाईट ट्रेक, चहा-पोहे इन्क्लुडेड, फर्स्ट एड आणि 'एक्स्पर्ट लीडर'. मी एकदा असाच एक ग्रुप पकडून गेलो होतो. अकराची बस पाऊणला सुटली कारण चौघं जण डोंबिवलीत अजून जेवत होते, मग बसमध्ये ओळख परेड, नाव काय, करतो काय आणि सिंगल का. लीडर असेल बावीसेक वर्षांचा, गळ्यात शिट्टी, कमरेला कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची ती धातूची कडी, आणि त्या कॅराबिनरला घराची चावी. पहाटे बारीत, म्हणजे पायथ्याच्या गावात, उतरलो तर हा बाबा टपरीवाल्याच्या कानाशी जाऊन हळूच विचारतोय, "दादा, वाट कुठनं जाते?" आम्ही पासष्ट जण त्याच्या मागे उभे. टपरीवाल्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं आणि चहाचं आधण वाढवलं.

ट्रेकची ग्रेड कायम 'ईझी टू मॉडरेट' असते, त्याबद्दल काळजी नको. शिखर १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, त्यातले आठ-नऊशे मीटर तुमच्या पायांनी चढायचे, तर यातलं ईझी म्हणजे बसमधली सीट आणि मॉडरेट म्हणजे उरलेलं सगळं. तयारी म्हणून आदल्या दिवशी ऑफिसात लिफ्टऐवजी जिना घ्या. एकदाच घ्या, उगाच दमणूक नको.

कपडे म्हणाल तर जीन्स. भिजली की दोन किलोची होते आणि गुडघा वाकू देत नाही, पण दिसते छान. पायात पांढरे स्नीकर, तळ गुळगुळीत झालेले असतील तर दुधात साखर. ती जाणकार मंडळी असतात ना, वीस वर्षं डोंगरात फिरणारी, ती कुठल्यातरी साध्या दुकानातले पाच-सहाशेचे रबरी खिळ्यांच्या तळाचे बूट घालून येतात, दिसायला अगदीच गावठी, आणि निसरड्या कातळावरून अशी चालतात जशी काही हॉलमधून किचनमध्ये चालली आहेत. त्यांच्याकडे बघू नका, न्यूनगंड येतो. टॉर्चची गरज नाही, मोबाईल आहे. मोबाईलची बॅटरी बसमधल्या गाण्यांनी संपेल, पण पुढच्याच्या मोबाईलला असेलच की, आणि पुढचाही हाच विचार करून आलेला असतो. छत्री मात्र न्याच. माथ्यावरच्या वाऱ्यात ती एका सेकंदात उलटी होते आणि मग भंडारदऱ्याच्या दिशेने निघते, हे दृश्य बघायला लोक खास थांबतात.

स्वतःची गाडी नेणार असाल तर पार्किंगची चिंता करू नका, अख्खी बारी तुमचीच आहे. जुलैत तिथे आवणी चालू असते, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम, बायका-माणसं दिवसभर कमरेत वाकलेली, कोणाच्या डोक्यावर घोंगडी, कोणाच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद. तर बांध दिसला की गाडी लावायची. बांध खचला, एक चाक खाचरात गेलं, की काम करणाऱ्यांनाच हाक मारायची, ते येतात धक्का द्यायला, चिखलाच्याच हातांनी येतात, आणि आपण काचेतून सांगायचं की दादा जरा हळू, पेंट जाईल. मी हे डोळ्यांनी बघितलंय. रोपं किती चेंगरली ते विचारायला कोणी खाली उतरलं नाही, पाऊस होता ना.

चढायला लागलात की दर दहा मिनिटांनी वरून येणाऱ्याला विचारायचं, "अजून किती?" उत्तर ठरलेलं आहे, "हे काय, आलंच, पंधरा मिनिटं." हे उत्तर पायथ्याशी मिळतं, निम्म्यात मिळतं आणि शेवटच्या टप्प्यातही तेच मिळतं. गावातल्या पोराला विचारलंत तर तो म्हणेल "आलं की जवळ", आणि त्याच्या हिशोबाने ते खरंच असतं, तो डोक्यावर बाटल्यांचा क्रेट घेऊन दिवसातून दोनदा जातो.

शिड्यांवर मात्र घाई करायची नाही. लोखंडी शिड्या आहेत, अवघड टप्प्यांवर लावलेल्या, एका वेळी एका दिशेने माणसं गेली तर दहा मिनिटांत रांग सरते, म्हणून दोन्ही दिशेने एकदम घुसायचं. वरचे म्हणतात आम्हाला उतरू द्या, खालचे म्हणतात आम्हाला चढू द्या, मधे एक काकू दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून रामरक्षा म्हणतायत, आणि त्यांच्या बरोबर वरच्या पायरीवर एक जण बसून रील काढतोय, तिसरा टेक, कारण दुसऱ्यात ढग नीट आला नाही. पाऊण तास मी त्या शिडीवर उभा होतो. ब्लूटूथ स्पीकर तीन होते, गाणी तीन वेगळी, आणि तिन्ही पावसातली. सांगायचा मुद्दा, स्पीकर न्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

वर पोचल्यावर घोषणा द्यायच्या आणि 'अखेर गड सर केला' असं स्टेटस टाकायचं. कळसूबाई हा गड नाही, तिथे तटबंदी नाही, बुरूज नाही, नुसतं शिखर आणि त्यावर देवीचं एवढंसं शेंदरी देऊळ आहे, पण हे असले बारकावे सांगणारा ग्रुपमध्ये एक असतोच (मागच्या वेळी मीच होतो, नंतर मला कोणी टॅग केलं नाही).

येताना वेळ उरला तर भंडारदऱ्याला एक चक्कर मारा. विल्सन धरण, प्रवरेवरचं, १९२६ मध्ये पुरं झालं, त्यावर उभं राहून माहिती वाचायची नाही, फक्त भजी खायची. काजवे बघायचे असतील तर तुम्ही चुकलात, ते मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला असतात, पाऊस जोरात लागला की संपतात. पुढच्या वर्षी या आणि गाडीचे हेडलाईट चालू ठेवूनच जंगलाकडे बघा. तो बिचारा काजवा मादीला बोलावण्यासाठी शेपटीशी इवलासा दिवा लुकलुकवत असतो, त्याला कळू तर दे की दिवा म्हणजे काय असतो. अभयारण्य आहे, त्यामुळे गार्ड येऊन लाईट बंद करायला सांगतो. त्याला सांगायचं, साहेबांना ओळखतो आम्ही. कोणते साहेब ते तो विचारत नाही.

आणि समजा उतरताना कोणाचा पाय मुरगळलाच, किंवा सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागला आणि तुम्ही पलीकडे अडकलात, तर टेन्शन नको. ११२ लावा, रेंज असेल तर. मग गावातली पोरं येतात, रेस्क्यूवाले येतात, म्हणजे कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी बँकेत कामाला, भर पावसात रात्रीचे दोर घेऊन, फुकट. त्यांना पहिलं वाक्य काय म्हणायचं ते लक्षात ठेवा: "इतका उशीर?"

तर एवढं सगळं झाल्यावर राहतो तो कचरा, आणि त्याची तर गोष्टच आहे. तिथले लोक सांगतात की कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती, ती एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस अट पाळली गेली. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी सांगितलंच, एवढी भांडी घास आणि केर काढ. तिने गुपचूप घासली, केर काढला, आणि सरळ डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला अजून थाळेमेळ म्हणतात. दुसऱ्याचं खरकटं काढायला लागलं म्हणून जी बाई घर सोडून महाराष्ट्राच्या माथ्यावर जाऊन बसली, तिच्या दारात तुम्ही मॅगीची प्लेट ठेवून यायची आहे, आणि काटा त्यातच टोचून, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही.

शेवटच्या शिडीच्या खाली एक मावशी लिंबू सरबत विकतात, प्लास्टिकच्या कागदाखाली, शेजारी एक सिमेंटचं रिकामं पोतं. संध्याकाळी खाली जाताना रस्त्यातल्या बाटल्या त्या पोत्यात भरून नेतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने सरबत प्यायलं, मग आपली पाण्याची रिकामी बाटली, वेफर्सचं पाकीट आणि फाटलेला वीस रुपयेवाला रेनकोट, सगळं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मावशी, हे पण टाका ना तुमच्यात." मावशींनी घेतलं. पोत्यात टाकलं. वर देवळाच्या दिशेला बघून काहीतरी पुटपुटल्या, वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही.

मग म्हणाल्या, "सरबताचे ऱ्हायले."