भूकंपाने माणसं मरतात की भिंतींनी?

कुठे भूकंप झाला, पूर आला, डोंगर खचला की पहिला शब्द ठरलेला, "निसर्गाचा कोप". मला या शब्दाचा खरंच राग येतो, कारण कोप म्हटलं की विषय संपला, मग घर कसं बांधलं होतं, नदीच्या पात्राला लागून प्लॉट पाडायला परवानगी कोणी दिली हे विचारायचं राहूनच जातं.

२०१० सालचंच बघा ना. जानेवारीत हैतीत भूकंप, तीव्रता ७.०. दीड महिन्याने चिलीत, ८.८. फरक छोटा वाटतो पण ऊर्जेच्या हिशोबात चिलीचा जवळपास ५०० पट मोठा! आणि माणसं? चिलीत ५०० च्या आसपास गेली, हैतीत लाखाच्या वर. हैतीचा भूकंप उथळ होता, राजधानीला अगदी लागून होता, हे मान्यच आहे. पण चिलीने १९६० मध्ये ९.५ चा भूकंप सोसलेला, तिथे बांधकामाचे नियम कडक आहेत आणि पाळले जातात. हैतीत तसं काही नव्हतंच, स्लॅब एकावर एक बसले आणि माणसं मध्ये.

आपल्याकडे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, सगळे गाढ झोपेत. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. पण घरं कशी होती तर दगड मातीत रचलेल्या जाडजूड भिंती, आतला थर वेगळा बाहेरचा वेगळा, मध्ये नुसता भराव, आणि वर लाकडी माळवदावर मातीचा हा एवढा थर, उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून. धक्का बसला की भिंतीचे दोन्ही थर फाकतात, दगड निखळतात, आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली हो. यात त्या लोकांचा काडीचाही दोष नाही, तो भाग भूकंपाचा म्हणून कोणी धरतच नव्हतं. दोन थरांना सांधणारे आरपार लांब दगड ठेवले असते आणि वरून भिंतींना पट्टा बांधला असता तर कितीतरी घरं उभी राहिली असती, हे विचार करून पोटात तुटतं.

पावसाचंही तेच. हवा एक अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. त्यात आपण ओढे बुजवलेत, उतारावरची झाडं तोडलीत. पाणी जाणार कुठे?

आणि इशारा मिळणं म्हणजे फक्त मशीन नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. अनेक किनाऱ्यांवर समुद्र मागे सरला तर लोक उघड्या पडलेल्या वाळूत मासे बघायला पुढे गेले. पण इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट, भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ, लाटा काही मिनिटांत पोचल्या. तिथे १९०७ च्या लाटेची आठवण म्हाताऱ्या माणसांनी पोरांना सांगत सांगत जिवंत ठेवलेली, त्या लाटेला त्यांचा शब्द "स्मॉन्ग". जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला की काही न घेता टेकडीवर पळायचं, एवढंच. त्या सकाळी कोणीतरी ओरडलं स्मॉन्ग, आणि अख्खं गाव पळालं. सत्तर हजारांच्या वर वस्तीच्या बेटावर सात माणसं गेली. जवळच्याच सुमात्रा बेटावर, आचेच्या किनाऱ्यावर, लाखाच्या वर.