धुकं नाही हो, धूळ आहे ती

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकांनी फोटो टाकला. समोरचा टॉवर अर्धा गायब. खाली ओळ, "आपल्या चेंबूरचं महाबळेश्वर झालं!" त्यावर धडाधड अंगठे. मी फोन बाजूला ठेवला, नाहीतर तिथेच भांडण झालं असतं.

मध्यंतरी आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "आजी, विडी-बिडी ओढायचात का?" आई बघतच राहिली. रिक्षात म्हणाली, "मेल्याने मला विडी ओढायला लावली की गं!" खूप हसलो दोघी. घरी जिना चढताना ती मजल्यामजल्यावर थांबायला लागली, तेव्हा हसू पळालं.

गल्लीत जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंट. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियम काढले: निदान 25 फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचा मारा, डंपर झाकलेले, चाकं धुऊनच बाहेर. आमच्याकडे पत्रे आहेत, त्यांवर स्विमिंग पूलचं चित्रसुद्धा आहे. पाणी मात्र कुणी बघायला येणार असलं तरच. डंपर पहाटे उघडेच सुटतात.

"एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) तर मध्यम आहे," म्हणे. अहो, आपल्याकडे 200 पर्यंत मध्यमच म्हणतात! पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अगदी बारीक कण. त्यांची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेत 15 मायक्रोग्रॅम सांगते, आपण 60 ठेवलीय. आपली फुप्फुसं काय चौपट मोठी आहेत?

हो, आईने लहानपणी चुलीचा धूर खाल्लाय. हो, आपल्यालाही मोठा फ्लॅट हवाय. मान्य. पण चूल सुटून जमाना झाला, आणि परवापरवापर्यंत हीच बाई मैदानाला भराभर फेऱ्या मारायची. विडी न ओढता.

काकांवर राग नाही खरं तर. थंडीत वारा पडतो, खालची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, धूळ-धूर तिथेच तरंगतो. लांबून धुक्यासारखंच दिसतं. जीव तुटतो तो साइटवर घमेली उचलणाऱ्या बायकांसाठी. त्यांची पोरं त्याच धुळीत झोळीत झोपलेली. त्यांना नळीत फुंकायला कोण लावणार?

सोमवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात जातेय. उघड्या डंपरचे फोटो कुणाकडे असतील तर इनबॉक्समध्ये टाका. नंबरप्लेट दिसली पाहिजे, तारीख-वेळही.