‘शिस्त लावा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

माझ्या मुलाला शीवर ताबा नाही म्हणून आम्ही रोज एनिमा देतो, म्हणजे शीच्या वाटेने पाणी सोडून आतडं रिकामं करतो, त्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘बाईसाहेब, घरचं दुखणं चव्हाट्यावर किती मांडाल’ अशी तिची सुरुवात आहे. मतभेद इथे चालतात, हा सूर चालत नाही. आहाराबद्दल मी त्या लेखात फार थोडं लिहिलं, हे मात्र मान्य. त्यावर सवडीने लिहीन.

पण ‘ऑपरेशन झालं की प्रश्न मिटला, पुढे शिस्त लावायची, एनिमाने नुसती सवय लागते’ हे वाक्य मी सोडणार नाही. शिस्त कुणाला लावायची हो? माझा मुलगा शीच्या जागेशिवाय जन्मला. आतडं मूत्राशयाच्या तोंडाशी उघडत होतं, सेक्रमचं, म्हणजे कण्याच्या तळाचं, हाड अर्धवट होतं. शी बाहेर काढायला पोटावरची पिशवी, मुख्य ऑपरेशन, नवी वाट आकसू नये म्हणून डायलेटरची सळी, मग पिशवी बंद करणं, सगळं झालं. सर्जन आतडं खाली आणून स्नायूंच्या मधोमध बसवतात. पण जे स्नायू आणि ज्या नसा गर्भातच नीट घडल्या नाहीत, त्या कुठून आणणार? शी आलीये हेच कळत नसेल तर पोर धरून काय ठेवणार? जो ताबा मुळात नाही, तो एनिमाने जाणार कसा? आणि ज्या डॉ. अल्बेर्तो पेन्यांनी 1980 मध्ये मेक्सिकोत ही मागच्या बाजूने करायची शस्त्रक्रिया सुरू केली, त्यांनीच अशा मुलांसाठी रोजच्या एनिमाचा आग्रह धरला. त्यांनाही शिस्त शिकवणार का?

आमच्याकडे टॉवेलच्या खुंटीला सलाइनची पिशवी टांगलेली असते. संध्याकाळी पाऊण तास तो कमोडवर पाढे म्हणत बसतो. आतडं रिकामं झालं की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चड्डी कोरडी. त्याआधी पहिलीत त्याच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. बाईंनी वर्गासमोर ‘आईने शिकवलं नाही का’ विचारलं होतं. तुम्ही वेगळं काय लिहिलंत?

तुम्ही दाखला दिलेला तुमचा पुतण्या बरा आहे, आनंद आहे. ज्यांचं आतडं नेहमीच्या जागेजवळच उघडतं, त्यातल्या बहुतेक मुलांना ताबा येतो. त्यांना छळतं ते बद्धकोष्ठ. बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. फक्त ‘रोज रात्री एरंडेल द्या’ ही ओळ मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढली आहे. ज्याला धरताच येत नाही त्याला रेचक दिलं तर दिवसभर गळत राहतं, आणि इथल्या आया रात्री वाचलेलं सकाळी करून पाहतात.