जुन्या जीपचं पॉवर स्टिअरिंग आणि ‘जनहितार्थ’ फिरणारा मेसेज

‘जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवणाऱ्यांनो, सावधान!’ असा मेसेज सध्या अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: घाटात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग लॉक होतं, गाडी वेगात डोलायला लागते, पंप इंजिनाची निम्मी ताकद खातो, कोकणच्या खाऱ्या हवेत हे टिकत नाही, हाताला रस्ता कळत नाही, शिवाय कायद्याने गुन्हा आहे. एवढं सांगून शेवटी सल्ला दिलाय की हवंच असेल तर भंगारातून छोट्या कारचा इलेक्ट्रिक कॉलम (मोटर लावलेला स्टिअरिंगचा दांडा) आणा, तो स्वस्त आणि बिनधोक. खाली ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात.

भीती घातलीय ती बहुतेक ठिकाणी चुकीची. जो सल्ला बिनधोक म्हणून दिलाय, तोच खरा धोक्याचा.

लॉक होण्याची गोष्ट आधी घेऊ, कारण लोक घाबरतात ते तिलाच. बोलेरोसारख्या गाडीत येतो तसा हायड्रॉलिक स्टिअरिंग बॉक्स घ्या. स्टिअरिंगच्या चाकापासून पिटमन आर्मपर्यंत, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यापर्यंत, त्यात लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं. इंजिनावर चालणाऱ्या पंपाचा तेलाचा दाब फक्त मदत करतो. इंजिन बंद पडलं की मदत थांबते, जोडणी तशीच राहते. स्टिअरिंग जड होतं, जुन्या साध्या बॉक्सपेक्षाही जड, कारण आतलं तेल तुम्हालाच ढकलावं लागतं. पण चाकं वळतात. मग ही अफवा आली कुठून? एक मूळ म्हणजे चावी काढली की लॉक होणारे आजच्या गाड्यांचे कॉलम. दुसरं म्हणजे ट्रॅक्टर आणि जेसीबीवरचं पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग, ज्यात चाक आणि टायर यांच्यात फक्त तेलाच्या नळ्या असतात. ते सावकाश चालणाऱ्या यंत्रांसाठी आहे. हौसेने कुणी जीपला लावून हायवेवर आणत असेल, तर मेसेजवाल्याची भीती तिथे रास्त आहे. बाकी डिझेल वाचवायला आंबा घाटात चावी बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडण्याची सवय कुठल्याही स्टिअरिंगवर वाईटच. त्याचं खापर पंपावर फोडू नका.

आता डोलण्याबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण जुन्या जीपचं अर्धं दुखणं इथेच आहे.

१९४५ नंतरच्या अमेरिकन विलिस कंपनीच्या सीजे जीपा आणि पुढे आपल्याकडे महिंद्राने जुळवलेल्या सीजे-थ्रीबी या गाड्यांना रॉस कंपनीचा कॅम-अँड-लिव्हर बॉक्स असे. त्यातून ड्रॅग लिंक नावाची दांडी निघून चेसिसच्या पुढच्या आडव्या दांड्यावरच्या बेल क्रँकला, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या आर्मला, जाते आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना. म्हणजे सांधे किती झाले ते मोजा. बॉक्समधल्या पिना, बेल क्रँकची खुंटी, टाय रॉडचे एंड, पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे वर-खालचे बेअरिंग आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलचे बुश. प्रत्येकात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) आला की स्टिअरिंग चार बोटं मोकळंच फिरतं आणि गाडी मात्र सरळच जाते. अशा गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की कधी कधी सगळा पुढचा भाग थडथडायला लागतो. ते पॉवर स्टिअरिंगमुळे होत नाही. साध्या स्टिअरिंगच्या जीपा नेहमी डोलत आल्यात. झिजलेले किंगपिन, चुकलेला कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) आणि बॅलन्स न केलेले टायर ही त्याची कारणं.

मात्र मेसेजमधलं अर्धं सत्य इथे दडलंय. झिजलेल्या सांध्यांवर पॉवर बॉक्स बसवला की प्ले हाताला जाणवेनासा होतो. आजार तोच राहतो, फक्त तक्रार बंद होते. म्हणून आधी सांधे बदला, कॅस्टर बघून घ्या, मग पंपाचं बोला. उलट कॅस्टरच्या बाबतीत पॉवर स्टिअरिंगचा फायदाच आहे. कॅस्टर वाढवला की गाडी सरळ धरून चालते, पण चाक जड होतं, म्हणून जुन्या गाड्यांना तो कमी ठेवलेला असे. पंपाची मदत असली की तो थोडा वाढवता येतो. पाट्यांखाली पाचरी मारून गाडी उंच करणाऱ्यांनी तर हे मोजूनच घ्यावं, कारण उंच करताना कॅस्टर बिघडलेला असतो.

आणि एक विचारावंसं वाटतं, तुमच्या जीपचं स्टिअरिंग जड झालंच का? विलिसला मूळ टायर ६.०० बाय १६चे, अरुंद. आपण लावतो रुंद मड टायर, तेही बाहेर काढलेल्या रिमवर. मग आगरदांडा-दिघीच्या फेरीबोटीवर उभ्या गाडीचं चाक वळवताना खांदे निखळायची वेळ येते आणि शिव्या विलिसला. मूळ मापाचे टायर, ताजं ग्रीस आणि योग्य हवा एवढ्याने बऱ्याच जणांचा प्रश्न पॉवर स्टिअरिंगशिवायच सुटेल. सड्यावरच्या बागेतून हापूसच्या पेट्या भरून, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे असलेल्या पाणंदीतून रोज गाडी काढणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने जरूर बसवावं.

निम्मी ताकद खातो, हे तर हिशेबातच बसत नाही. पंपातून मिनिटाला आठेक लिटर तेल जातं असं धरा. चाक शेवटपर्यंत वळवून दाबून धरलं, तेव्हा दाब शंभर बारपर्यंत चढतो. म्हणजे साधारण १,३०० वॅट, पंपाची घट धरून दोन-अडीच अश्वशक्ती. तेही तेवढ्या क्षणापुरतं. सरळ रस्त्यावर याचा लहानसा अंशच लागतो. विलिसचं पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचं. निम्मी म्हणजे ३०. एवढी ताकद पंपाला लागली असती तर त्याचा पट्टा पहिल्याच वळणावर जळाला असता.

हाताला रस्ता न कळण्याचा मुद्दा चवीचा आहे, वाद घालणार नाही. फक्त साध्या बॉक्सवर कातळातून जाताना अंगठे चाकाच्या बाहेर ठेवायला का शिकवतात, ते आठवा. दगडाला टायर अडला की चाक उलटं फिरतं आणि अंगठा मोडतं. हायड्रॉलिक बॉक्स तो झटका बराचसा पिऊन टाकतो.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर बॉक्स आणि पंप आतून तेलात असतात, त्यांना गंज सहसा आतून लागत नाही. गंजते ती दाबाची लोखंडी नळी, ब्रॅकेट आणि पुली. पावसाळ्याआधी त्यांना रंग आणि ग्रीस द्या. व्हाळातून गाडी घालताना पट्टा भिजून घसरतो, तेवढ्यापुरतं स्टिअरिंग जड होतं, घाबरू नका. नंतर पंपाच्या टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर झाकणातून पाणी गेलंय, तेल बदला.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी गोष्ट म्हणजे चेसिस. पॉवर बॉक्स रुंद टायर जोरात ढकलतो आणि त्याची उलटी ढकल बॉक्सच्या बोल्टांवर येते. जुन्या पातळ चेसिसला तिथेच तडा जातो. आतून बुश आणि मागून जाड प्लेट दिल्याशिवाय बॉक्स कसू नका. आणि इंटरनेटवरचे अमेरिकन किट डाव्या हाताच्या ड्रायव्हिंगचे असतात, आपल्याकडे सगळं उलट्या बाजूला येतं.

कायद्याबद्दल दोन वाक्यं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चा रोख आरसीवरचा तपशील बदलण्यावर आहे आणि आरसीवर स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो. विमा कंपनीला मात्र लेखी कळवून ठेवा. तुमची गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१च्या नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा असेल, तर तिथे चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. बॉक्स बसवायला चेसिसचा आडवा दांडा कापण्याआधी हे ठरवून घ्या.

राहिला तो ‘बिनधोक’ इलेक्ट्रिक कॉलम. त्याची मोटर कॉलमवर बसते, म्हणजे तिचा सगळा जोर त्याच जुन्या रॉस बॉक्सच्या पिनांतून आणि बेल क्रँकमधून जातो. हायड्रॉलिक बदलात निदान बॉक्स नवा येतो. इथे सगळ्यात अशक्त भागावरच जास्तीचं ओझं. शिवाय उभ्या गाडीत वळवताना मोटर ४०-५० अँपिअरपर्यंत खेचू शकते. जुना डायनामो ते पुरवणार नाही आणि विलिसची मूळ वायरिंग ६ व्होल्टची. मूळ कारमध्ये या मोटरला गाडीचा वेग कळवला जातो, त्यावर ती मदत कमी-जास्त करते. जीपमध्ये तो सिग्नलच नाही, त्यामुळे बरेच कॉलम एकच ठरावीक मदत देत राहतात आणि हायवेवर चाक नको तितकं हलकं होतं. खाऱ्या हवेची भीती खरी लागू होते ती इथे. कनेक्टर हिरवा पडला की मदत मध्येच तुटते, कुंभार्ली घाटाच्या वळणावरसुद्धा. भंगारातून आणताना त्या कॉलमवर चावीचं लॉकही तसंच आलं असेल, तर मेसेजवाल्याने पहिल्या ओळीत घातलेली भीती त्याच्याच शेवटच्या ओळीने खरी होईल.