गुडघ्याला बाशिंग बांधलेल्यांसाठी

कॉम्प्युटर चालवणारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की काही लोक आधी विचार करतात. तुम्ही त्यातले नाही असं धरून चालतो, नाहीतर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. विचार करणाऱ्या माणसाचा मोठा दोष हा की तो थांबतो. थांबतो तेवढ्यात सहा महिने जातात, सहा महिन्यांत दुरुस्त्या येतात, प्रिंटरला नव्या सिस्टीमशी बोलायला लावणारे ड्रायव्हर येतात, आणि शेवटी त्याच्या पदरात पडते ती गुपचूप चालणारी सिस्टीम. चारचौघांत सांगण्यासारखं त्याच्या बाबतीत काही घडतच नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हे चार शब्द.

मुहूर्त पहिल्याच दिवसाचा धरा. घरात एखादा जुना, बिनकामाचा कॉम्प्युटर पडलेला असेल तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नका. ज्यावर तुमचं पोट चालतं त्याच मशीनवर नवी सिस्टीम टाका. बॅकअप घेऊ नका. बॅकअप घेणं म्हणजे काहीतरी बिघडेल अशी शंका काढणं, आणि शुभकार्यात शंका काढत नाहीत. वेळ रात्रीची निवडा, तीही दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी महत्त्वाचं पाठवायचं असेल अशीच रात्र.

मग पडदा रिकामा होईल, मधोमध ठिपके गोल फिरू लागतील आणि खाली टक्के दिसतील. पहिले तीस टक्के भराभर सरतील. तिसाचे एकतीस व्हायला मात्र जो वेळ लागतो, त्याला कुठलंही गणित लागू नाही. तो आकडा कामाचे किती टप्पे उरकले ते सांगतो, किती मिनिटं उरली ते नाही. पण हे ज्ञान तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्ही आकड्याकडे टक लावून बसा. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’. तुमचं बोट बटणापर्यंत जाईल, परत येईल, पुन्हा जाईल. यालाच वापरकर्त्याचा सहभाग म्हणतात.

अशा सहभागाचा सुवर्णकाळ म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ८. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती बाजारात आली तेव्हा तिच्यात स्टार्टचं बटण नव्हतं. विंडोज ९५ पासून माणसं ज्या कोपऱ्यात डोळे मिटून माउस नेत होती, तो कोपराच साफ करून टाकलेला. त्याजागी पडदाभर रंगीत चौकोन आले. ते बोटाने दाबायला उत्तम होते, आणि बहुसंख्य लोकांच्या टेबलावरचे मॉनिटर बोटाला दाद देणारे नव्हते. कॉम्प्युटर बंद करायचा झाला तर माउस उजवीकडच्या कोपऱ्यात न्यायचा. तिथून पाच चिन्हांची एक पट्टी सरकत बाहेर येई. माउस तिरका गेला की ती रुसून परत आत जाई. पुन्हा कोपरा, पुन्हा पट्टी, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘पॉवर’, मग ‘शट डाउन’. कॉम्प्युटर बंद करणं ही सेटिंग असते, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वर्षभर ओरड झाली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी ८.१ आली आणि तिच्यात स्टार्टचं बटण परत आलं. लोकांनी आनंदाने ते दाबलं. दाबल्यावर उघडलं तेच रंगीत चौकोनांचं पान. मागितलं होतं ते बटण, दिलं ते बटण. बटण दाबल्यावर काय व्हावं हे तक्रारीत नीट लिहिलेलं नसावं. कॉम्प्युटर बंद करायचं चिन्ह त्या पानावर यायला एप्रिल २०१४ उजाडलं. जुना स्टार्ट मेन्यू बऱ्याचशा ओळखीच्या रूपात परतला तो २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० मध्ये. मधल्या काळात विंडोज ७ धरून बसलेले लोक काय करत होते? आपापली कामं. मी म्हणतो ना, गोष्ट सांगायची तर त्यांच्याकडे काही नाही.

विंडोज १० ने मात्र अशा लोकांनाही मोकळं सोडलं नाही. पहिलं वर्ष ती फुकट होती, आणि फुकट वस्तू नको म्हणणारा माणूस कंपनीच्या हिशेबात बसत नव्हता. पडद्यावर खिडकी उघडे. पर्याय दोन असत: आत्ता करा किंवा आज रात्री करा. ‘नको’ हा शब्द त्या खिडकीत शोधून सापडत नसे. २०१६ मध्ये तर कहर झाला. ठरलेल्या अपग्रेडची सूचना देणारी खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली तर वेळापत्रक तसंच राही आणि अपग्रेड ठरल्या वेळी होई. फुली म्हणजे नकार, अशी जगभरच्या माणसांना तोवरची सवय. लोक ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणेपर्यंत आले, मग कंपनीने स्पष्ट नकाराची सोय करून दिली. यातून तुम्ही घ्यायचा तो धडा सरळ आहे: नकार द्यायची सवयच लावून घेऊ नका. ‘मी अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत’ यावर न वाचता टिचकी मारायला तुम्ही शिकला आहातच. उरलेल्या खिडक्यांचंही तेच करा.

याच विंडोज १० विषयी मायक्रोसॉफ्टच्या एका माणसाने २०१५ मध्ये जाहीर परिषदेत सांगितलं होतं की ही शेवटची विंडोज. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे चार वर्षांचा धडधाकट कॉम्प्युटर, ज्याचा पंखासुद्धा अजून आवाज करत नाही, एका सकाळी नालायक ठरला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे काही काळ घेता येतात, पण त्यासाठी चौकशी करावी लागते आणि चौकशी हा थांबणाऱ्यांचा उद्योग. तुम्ही सरळ कॉम्प्युटर टाकून द्या. त्याचा स्टार्ट मेन्यू डावीकडे होता. नव्यावर तो मधोमध असतो. याहून वेगळं कारण कशाला हवं?

इथे कुणीतरी विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टीम सुचवेल. त्याच्यापासून सावध राहा. ती फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. वस्तू आधी वापरून बघून मग घ्यायची, हा प्रकार आपल्या शास्त्रात बसत नाही. सुदैवाने तिचे प्रकार अनेक आहेत. ‘कुठली लिनक्स घेऊ?’ एवढं विचारा, सुचवणारे आपसातच भांडत बसतील आणि तुम्हाला निसटता येईल.

आता टॅबलेट.

पहिला आणि बहुधा एकमेव नियम: कशासाठी घ्यायचा हे ठरवू नका. वाचायला, चित्रं काढायला की हिशेब लिहायला, हे एकदा ठरलं की निवड दहा मिनिटांत संपते आणि महिनाभर तुलनेचे व्हिडिओ बघण्याचं सुख हातचं जातं. ठरवायचंच असेल तर कॅमेऱ्यावरून ठरवा. कार्यक्रमात पहिल्या रांगेत उभं राहून दोन्ही हातांनी टॅबलेट डोक्यावर धरला की मागच्या रांगांनाही कार्यक्रम तुमच्या पडद्यावरच बघावा लागतो. हा समाजोपयोगी वापर कुठल्याही जाहिरातीत सांगितलेला नसतो.

आकाराबाबत कंपनीचं चालू महिन्यातलं मत प्रमाण माना. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबलेटची टर उडवली होती. ते वापरायचे तर सोबत सँडपेपर द्यावा लागेल, बोटं घासून लहान करायला, असा त्यांचा मुद्दा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ॲपलने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी आणला. सँडपेपर दिला नाही. लेखणीचंही तेच. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टायलसला नाक मुरडलं गेलं, २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आली. ती चार्ज कशी व्हायची हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मागचं टोपण काढायचं, ते हरवणार नाही अशा जागी ठेवायचं (अशी जागा नसते), आणि पेन्सिल आयपॅडच्या बुडात खुपसायची. मग ती लांबलचक, गुळगुळीत कांडी तशीच बाहेर आलेली, कुणाच्या तरी कोपराची वाट बघत. २०२२ च्या आयपॅडचं भोकच बदललं, पण पेन्सिल जुनीच चालायची, म्हणून मधे लावायला एक चिमुकला जोड आला. आता टोपण आणि जोड अशा हरवायला दोन वस्तू झाल्या.

आणि घाई फळाला येते हे ज्यांना पटत नसेल त्यांनी आयपॅडचा कॅल्क्युलेटर आठवावा. आयपॅड विकायला आला एप्रिल २०१० मध्ये. त्यात कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर आला २०२४ मध्ये, आयपॅडओएस १८ बरोबर. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहिलेल्यांनी चौदा वर्षं बेरजा फोनवर केल्या.

पण खरा शौकीन ओळखावा तो २०११ च्या खरेदीवरून. त्या वर्षी ब्लॅकबेरीने प्लेबुक काढला. जी कंपनी ईमेलच्या जोरावर मोठी झाली तिच्या टॅबलेटमध्ये ईमेलचं स्वतःचं ॲप नव्हतं. मेल वाचायचा तर शेजारी ब्लॅकबेरीचा फोन हवा. ॲप आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. २०११ च्याच १ जुलैला एचपीचा टचपॅड आला, वेबओएस नावाची खरोखर देखणी सिस्टीम घेऊन (हे उपरोधाने लिहीत नाही, ती पुढे दूरदर्शन संचांत गेली आणि तिथे टिकली). १८ ऑगस्टला एचपीने तो बंद केल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला जवळपास पाचशे डॉलरला विकलेला टॅबलेट ९९ डॉलरला काढला, आणि तेव्हा तो घ्यायला झुंबड उडाली. सिस्टीमला भवितव्य नाही हे कळल्यावरच ती इतकी खपली. तुम्ही अर्थातच पाचशेवाल्यांत असायला हवं.

मग मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी. नावात विंडोज, दिसायला विंडोज, पण विंडोजवर चालणारे तुमचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत नसत, कारण आतला प्रोसेसर वेगळ्या जातीचा. ३२ जीबीचा घेतला तर जवळपास अर्धी जागा सिस्टीमनेच बळकावलेली असे. जुलै २०१३ मध्ये पडून राहिलेल्या मालापायी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. एवढ्या मोठ्या प्रयोगात आपला वाटा असल्याचा अभिमान तो विकत घेणाऱ्यांनाच कळेल.

जागेचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात कमी जीबीचा टॅबलेट घ्या. ६४ जीबी खोक्यावर लिहिलेले असतात. तोच साठा विंडोज साधारण ५९.६ दाखवते, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ ने. त्यातून सिस्टीम आपला हिस्सा कापून घेते. उरलेल्यात तुम्ही आणि तुमचे फोटो. अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारायचं नाही. दुकानातला पोरगा अवघडतो, आणि एखाद्याला अवघडल्यासारखं करणं बरं दिसत नाही.

नुसता टॅबलेट कुणी वापरत नाही. त्याला कव्हर लागतं, काच वाचवायला वर दुसरी काच लागते, टाइप करायला कीबोर्ड लागतो, पेन्सिल लागते, आणि एकच भोक असल्यामुळे त्याची चार भोकं करणारा हबही लागतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. २०२० मध्ये १२.९ इंची आयपॅड प्रोला ॲपलचाच मॅजिक कीबोर्ड लावला की दोघांचं मिळून वजन मॅकबुक एअरपेक्षा किंचित जास्त भरत असे. लॅपटॉपचं ओझं नको म्हणून टॅबलेट घेतलेला माणूस अशा रीतीने लॅपटॉपपर्यंत पोचतो, पण स्वतःच्या कष्टाने, एकेक भाग जोडत.

एवढ्या घाईत एका ठिकाणी मात्र थांबायची मुभा आहे. बहुतेक विक्रेते वस्तू परत घ्यायला थोड्या दिवसांची मुदत देतात. ती उलटेपर्यंत खोकं उघडू नका.