बटाटा, चिंध्या आणि जेम्स मिल्नर : ऐरोलीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेम्स मिल्नर याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक फुटबॉलवेडा, ऐरोली’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लिहायला बसलो आणि ते खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या मते मिल्नर म्हणजे सगळ्या भाज्यांत चालणारा बटाटा. स्वतःची अशी जागा नाही, ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. इंग्लंडकडून 61 सामने आणि गोल फक्त एक. चषक जिंकले ते इतरांनी, हा फोटोत उभा राहिला. मी केलेलं कौतुक म्हणजे कष्टाळू माणसाला मोठा खेळाडू ठरवण्याची आपली मध्यमवर्गीय खोड. लेखातली एक चूकही तुम्ही दाखवलीत. आणि शेवटी विचारलंत, ‘नेरूळला मुलांना शिकवता ना? त्यांनाही हेच सांगता का, की कुठेही उभे राहा?’

आधी चूक. सर्वांत लहान वयात प्रीमियर लीगमध्ये गोल करण्याचा विक्रम आजही मिल्नरच्याच नावावर असल्यासारखं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. 26 डिसेंबर 2002 रोजी संडरलँडविरुद्ध लीड्सकडून त्याने गोल केला तेव्हा त्याचं वय 16 वर्षं 356 दिवस होतं, आणि वेन रूनीचा जेमतेम दोन महिन्यांचा विक्रम त्याने मोडला होता. पण एप्रिल 2005 मध्ये एव्हर्टनच्या जेम्स वॉनने त्यालाही मागे टाकलं. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

गोलांबद्दल वाद घालत नाही. इंग्लंडसाठी एकच गोल, तोही 2012 मध्ये मोल्दोव्हाविरुद्ध. आकडा तुमचा बरोबर आहे. फक्त 2010 च्या वर्ल्ड कपमधला स्लोव्हेनियाचा सामना आठवा. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याला अर्ध्या तासातच बाहेर काढलं होतं. एखादा पोरगा तिथेच खचला असता. स्लोव्हेनियाविरुद्ध तो पुन्हा उजवीकडे उतरला, त्याच्या क्रॉसवर डिफोने गोल केला आणि त्या एका गोलावर इंग्लंड पुढच्या फेरीत गेलं.

आता बटाट्याकडे येतो. माझं तुमच्याशी खरं भांडण तिथेच आहे.

तुम्ही म्हणता, ज्याला कुठेही ठेवता येतं त्याला कुठलीच जागा नीट येत नाही. मी म्हणतो, मिल्नर ज्या ज्या जागेवर गेला ती जागा तो मुळापासून शिकला, आणि प्रत्येक वेळी त्याला ते करावं लागलं ते त्याच्या मनाविरुद्ध किंवा अचानक. लीड्स आणि न्यूकॅसलमध्ये तो विंगवरचा, म्हणजे कडेने पुढे पळणारा, पोरगा होता. 2009 च्या उन्हाळ्यात गॅरेथ बॅरी अॅस्टन व्हिला सोडून मँचेस्टर सिटीत गेला आणि मधली जागा रिकामी झाली. व्हिलाचा कोच मार्टिन ओनीलने मिल्नरला तिथे आणलं. त्या मोसमाअखेर इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी मतं देऊन त्याला वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडलं. ही मतं रोज त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांची होती. बटाट्याला कोणी असा मान देत नाही.

सिटीत त्याला पुन्हा कडेला ढकललं. 2015 च्या सुरुवातीला तिथे स्ट्रायकर जायबंदी होते, तर कोच पेयेग्रिनींनी त्याला सगळ्यात पुढे उभं केलं. 4 जानेवारीला, त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, एफए कपमध्ये शेफील्ड वेन्सडेविरुद्ध सिटी 0-1 मागे होती. त्याने दोन गोल मारले आणि सामना 2-1 जिंकून दिला.

आणि मग लिव्हरपूल. तिथे तो गेलाच मधल्या जागेवर खेळायला मिळावं म्हणून. वर्षभरात कोच क्लॉपने त्याला काय दिलं? लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडच्या बचावपटूची जागा. 2016-17 चा जवळजवळ सगळा मोसम. उजव्या पायाचा, तीस वर्षांचा मिडफिल्डर, डाव्या कोपऱ्यात.

हे किती कठीण आहे ते मी रोज बारा वर्षांच्या मुलांत बघतो, म्हणून जरा थांबून सांगतो. उजव्या पायाच्या मुलाला लेफ्ट बॅक केलं की चेंडू त्याच्याकडे बहुतेक वेळा टचलाइनला, म्हणजे कडेच्या रेषेला, लागून येतो. डाव्या पायाने पुढे मारायची हिंमत नसते, म्हणून तो आत वळतो. त्या वळण्यात अर्धा सेकंद जातो. समोरच्या विंगरला तो अर्धा सेकंद पुरतो. यावर उपाय एकच. चेंडू यायच्या आधी शरीर उघडं ठेवायचं, पहिल्याच स्पर्शात चेंडू उजव्या पायावर आत घ्यायचा आणि मान तोवर वर आलेली हवी. बचावातही तसंच. समोरचा माणूस बाहेरच्या बाजूने पळाला तर आपला कच्चा पाय तिकडे असतो, म्हणून त्याला वळूच द्यायचं नाही, आधीच जाऊन बिलगायचं. मिल्नरचे त्या मोसमातले सामने तुम्ही पुन्हा बघा, चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे. सुरुवातीला तो वळताना अडकतो. मार्चपर्यंत वळणं दिसेनासं होतं. त्या मोसमात लीगमधले त्याचे सातही गोल पेनल्टीवर आले, हे तुम्ही हिणवून लिहाल. मला त्यातही तोच माणूस दिसतो, संघाला गरज असलेलं अजून एक काम घोटून पक्कं केलेला.

आता 7 मे 2019. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, दुसरा सामना, लिव्हरपूल विरुद्ध बार्सिलोना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा. मी ठाण्यात, घरच्यांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज बंद. बार्सिलोनाने पहिला लेग, म्हणजे दोनपैकी पहिला सामना, 3-0 जिंकलेला. सालाह नाही, फर्मिनो नाही. लिव्हरपूल 1-0 पुढे असताना मध्यंतर झालं आणि कळलं की अँडी रॉबर्टसन परत येत नाही, सुआरेझचा पाय लागून जायबंदी. त्याच्या जागी उतरला वाइनाल्डम. वाइनाल्डम मिडफिल्डर. मग लेफ्ट बॅक कोण? मिल्नर. आणि त्या बाजूने आत येणारा माणूस कोण? मेस्सी.

पुढच्या दहा-अकरा मिनिटांत वाइनाल्डमने दोन गोल केले. सगळं जग ते गोल सांगतं, सांगायलाच हवेत. शिवाय अर्नोल्डचा तो पटकन घेतलेला कॉर्नर आणि त्यावर ओरिगीचा गोल. 4-0. पण वाइनाल्डम पुढे जाऊ शकला, कारण मागे डाव्या कोपऱ्यात असा माणूस होता ज्याने ती जागा दोन वर्षांपूर्वी एक अख्खा मोसम घोटलेली होती. क्लॉपला बचावपटू उतरवावा लागला असता तर ते दोन गोल कोणी केले असते? तुम्ही म्हणता, चषक इतरांनी जिंकले. मी म्हणतो, त्या रात्री इतरांना जिंकायची मोकळीक ज्याने दिली त्याला तुम्ही फोटोत मागे ढकलताय. सामना संपल्यावर मिल्नर मैदानावर रडत होता. अडीच वाजत आले होते, मीही अंधारात एकटा बसून रडलो.

त्याच्या आदल्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने नऊ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाआधीचे पास) दिले होते, एका मोसमातला तो तेव्हाचा विक्रम. मेस्सी, नेमार, रोनाल्डो खेळत असताना. त्याच मोसमात रोममध्ये त्याच्याच संघातल्या लव्हरेनने मारलेला चेंडू त्याच्या डोक्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला, तेही खरं. इतक्या जागी उभा राहणारा माणूस अशा ठिकाणीही सापडतोच.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मला बोचली, कारण तिच्यात तथ्य आहे. तुम्ही लिहिलंत, ‘त्याला सगळ्यांनी वापरून घेतलं.’ हो, घेतलं. सिटीने 2010 मध्ये मोठी किंमत देऊन, वर स्टीफन आयर्लंडला व्हिलाकडे देऊन त्याला आणलं आणि ज्या जागेवर त्याने बक्षीस मिळवलं होतं तिथे त्याला सलग खेळवलंच नाही. चोवीस ते एकोणतीस ही मिडफिल्डरची भरीची वर्षं. ती कडेला आणि बाकावर गेली. माझ्या लेखात मी हे दोन ओळींत गुंडाळलं, जास्त लिहायला हवं होतं. सगळं येणाऱ्या माणसाला नेहमी हीच किंमत मोजावी लागते. ज्याला एकच जागा येते त्याची जागा कोच सांभाळतो. ज्याला पाच येतात त्याला हलवतो, कारण तो तक्रार करणार नाही हे माहीत असतं.

हे मला वाचून कळलेलं नाही. कॉलेजच्या संघात मी राइट बॅक होतो, मग लेफ्ट हाफ, एकदा तर गोलकीपर आजारी म्हणून ग्लोव्हजही घातले. शेवटच्या वर्षी फायनलच्या आदल्या संध्याकाळी सरांनी अकरा नावं वाचली. माझं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ‘तुझी नक्की जागा कुठली रे?’ वीस वर्षं झाली. ते वाक्य मला अजून टोचतं, आणि मिल्नरवर मी लेख लिहिला त्यामागे ते वाक्यही आहे. तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारलात म्हणून हे उत्तर इतकं लांबलं.

अजून एक विचार करून बघा. जर्मनीचा फिलिप लाम उजव्या पायाचा, तरी 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये लेफ्ट बॅक होता. सलामीच्या सामन्यात त्याच डाव्या बाजूने आत येऊन उजव्या पायाने त्याने कोस्टा रिकाविरुद्ध गोल मारला. 2013 मध्ये बायर्न म्युनिकचा कोच गार्डिओलाने त्याला मिडफिल्डमध्ये आणलं, तेव्हा सगळ्यांनी त्याच्या डोक्याचं कौतुक केलं. योग्यच होतं. मग लाम सरकला की बुद्धी आणि मिल्नर सरकला की अडीअडचणीची सोय, असं का? मिल्नर लामच्या तोडीचा होता असं मी म्हणत नाही, नव्हताच. लिव्हरपूल ऐन भरात असताना पहिल्या अकरांत त्याचं नाव मीही रोज लिहिलं नसतं. पण दोघांनी केलेलं काम एकाच जातीचं आहे आणि त्याला शब्द मात्र वेगळे वापरले जातात, एवढंच दाखवतो आहे.

‘पंधरा वर्षं बघतोय, तो काही करताना दिसत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. टीव्हीवर नाही दिसत. कॅमेरा चेंडूमागे पळतो. 25 ऑक्टोबर 2017 ला तुमच्या-माझ्या घराजवळ, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली. स्पेनने मालीला 3-1 हरवलं. आबेल रुइझने दोन गोल केले, पण मी वर बसून स्पेनच्या मिडफिल्डर्सकडेच बघत होतो. त्यांचा फुलबॅक पुढे गेला की चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही कोणीतरी दहा पावलं मागे सरकायचा. टाळ्या नाहीत, काही नाही. मिल्नरचं अर्धं करिअर म्हणजे ती दहा पावलं.

तुम्ही कदाचित म्हणाल, आता म्हातारा झालाय. ऑगस्ट 2024 मध्ये तो प्रीमियर लीगच्या तेविसाव्या वेगवेगळ्या मोसमात खेळला, तोवर असं कोणीच केलं नव्हतं. ब्रायटनचा त्याचा कोच ह्यूर्झेलर 1993 चा. मिल्नर नोव्हेंबर 2002 मध्ये लीड्सकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा हा कोच नऊ वर्षांचा होता. 2024 च्या त्याच ऑगस्टमध्ये मिल्नर जायबंदी होऊन त्याचा जवळजवळ पूर्ण मोसम गेला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी बरेच जण थांबले असते. 31 ऑगस्ट 2025 ला सिटीविरुद्ध ब्रायटन 0-1 मागे असताना पेनल्टी मिळाली. घेतली कोणी? त्यानेच. गोल. ब्रायटन 2-1 जिंकली.

आता नेरूळच्या मुलांबद्दल, कारण तो प्रश्न तुम्ही काळजीने विचारलात असं मी धरतो. नाही, मी त्यांना ‘कुठेही उभे राहा’ असं सांगत नाही. प्रत्येकाची एक आवडती जागा असते, ती मी वहीत लिहून ठेवतो आणि मोठ्या सामन्यात शक्यतो तीच देतो. सरांचं ते वाक्य माझ्या तोंडून कधी जाऊ नये म्हणून ही वही. पण सरावात महिन्याला जागा बदलते. आमच्या बॅचला एक मुलगी आहे, पाय विजेसारखा, तिला फक्त पुढे खेळायचं असतं. जूनमध्ये तिला लेफ्ट बॅक केलं. पहिल्या दिवशी बिब (सरावाचं रंगीत बनियान) काढून चिखलात टाकलं आणि टचलाइनवर जाऊन बसली. तिची आई म्हणाली, ‘सर, ती घरी जेवलीसुद्धा नाही.’ मी तिला शिक्षा म्हणून तिथे ठेवलं नव्हतं, हे समजवायला दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात समोरचा मुलगा तिच्या बाहेरून पळायला लागला तेव्हा ती त्याच्यामागे धावली नाही. आधीच जाऊन बिलगली, चेंडू काढला, मान वर होती. आणि मग मला म्हणाली, ‘सर, फॉरवर्डला काय केलेलं आवडत नाही ते आता मला माहितीये.’

जुलैपासून ती पुन्हा पुढे खेळते. या रविवारी मात्र आमचा लेफ्ट बॅक गावाला गेलाय आणि ती स्वतःहून म्हणाली आहे की ती जागा मी घेते. सकाळी साडेसहाला सुरू करतो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने आलात तर लवकरची लोकल पकडा, आणि मैदानाच्या डाव्या कडेला उभे राहा. पहिल्या हाफमध्ये ती तुमच्या अगदी समोर असेल.